मु. पो. पलूस

आमचे आबा सोनं गाळणारे. सांगलीकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली, तसे आबा लग्नानंतर उत्तरेतल्या एका डोंगरी राज्यात गेले. सराफ बाजारात खाली भट्टी, वर दोन खोल्या. माझं सगळं लहानपण त्या खोल्यांत गेलं. जिन्यात तेजाबाचा वास, खिडकीतून दिसणारा बर्फ, आणि गावाहून आणलेल्या पिठाची आईची भाकरी. आजही आठवलं की जीव तिकडं ओढ घेतो.

आबांना एक खोड होती. कुठल्याही कागदावर पत्ता लिहायचा म्हटलं की मान ताठ व्हायची. मु. पो. पलूस, जि. सांगली. मु. म्हणजे मुक्काम. मुक्काम तर त्या बाजारातल्या गल्लीत होता; पण माझा शाळेचा दाखला असो की दुकानाचा परवाना, सगळीकडे पलूसच. मी चिडवायचे, मुक्काम पलूसला तर मग इथं जेवतं कोण? ते म्हणायचे, "गाव इचारलं तर गाव सांगावं. त्यात लाजायचं काय?"

घरमालक थकले होते. घर विकलं तर तुम्हालाच, असा त्यांचा शब्द होता, आणि आबांना दुसरं काही नको होतं. नेमका तेव्हाच राज्यानं कायदा केला. बाहेरच्यांना घर-जमीन विकत घेता येणार नाही. सूट फक्त जुन्या रहिवाशांना, तीही कागद दाखवले तर. तीस वर्षांच्या कागदांची पिशवी घेऊन आबा खुशीत कचेरीत गेले. मी सोबत होते. कारकुनानं एकेक कागद उलटला आणि शांतपणे विचारलं, तुम्ही तर पलूसला राहता ना? मी भांडायला उठले, पण भांडणार कशाच्या जोरावर? अक्षर आबांचंच होतं. मला कायद्याचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर आबांचाही.

घर दुसऱ्याला गेलं. वर्षभरात आम्ही पलूसला परतलो.

परवा गॅसच्या अर्जावर आबांनी मु. पो. लिहिलं आणि पुढं, हात न थांबवता, त्या गल्लीचं नाव. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला.

"हेच तिकडं लिवायला पायजे हुतं गं," ते म्हणाले. मग अर्ज माझ्याकडं सरकवला. "तूच खोड. माझ्यानं व्हत न्हाई."