आत्याच्या वाटणीचा सिनेमा

झोपायचं नाही, मुळीच झोपायचं नाही, असं शलाका स्वतःला बजावते आणि डोळे ताणून मोठे करते. पण समोर पडद्यावर जे काय चाललंय ना, त्यापुढे भल्याभल्यांच्या पापण्या हात टेकतील. ‘कंदीलवाली’ या थोर, जुन्या, कृष्णधवल सिनेमाची ही नवी आवृत्ती. जुन्यातली नायिका नदीकाठी कंदील घेऊन नुसती उभी राहायची आणि अख्खं थिएटर रडायचं. नवीतली मोबाइलचा टॉर्च लावून नाचतेय, मागे पन्नास पोरी. नायकाच्या शर्टाला बटणंच नाहीत. बार्शीतल्या या थिएटरात दुपारच्या खेळाला दहा-बारा डोकी, त्यातली निम्मी एसीच्या गारव्याला आलेली.

“उठायचं का?” उजवीकडून नुजहत विचारते. नुजहत मुजावर ही तिची वर्गातली जिवलग, वेफर्सच्या लालचीनं आलेली.

“नाही. मधुराज यायचाय.”

“कधी?”

“शेवटी.”

“या अल्ला!” म्हणून नुजहत वेफर्सच्या पुडीत तोंड खुपसते.

मधुराज म्हणजे जुन्या सिनेमाचा नायक. होडीत बसून जातो तो जातोच. नायिका वाट बघत राहते आणि सिनेमा संपतो. शलाकाच्या वडिलांची थोरली बहीण, नमाआत्या, हिनं तो इतक्यांदा पाहिला होता की टीव्हीवर नुसती नावं सुरू झाली तरी ती आधी पदर सारखा करायची. नव्या सिनेमात मात्र तो परत येणार होता. खुद्द मधुराज, पिकल्या केसांचा, म्हातारा. “आला बाई एकदाचा!” बातमी ऐकून आत्या म्हणाली होती, जणू तो चौकात रिक्षातून उतरलाय. आणि सिनेमा लागायच्या आधी तीच गेली.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. ‘नमाक्का, घराची काळजी करू नको’ म्हणून झालं, ‘तुळशीला पाणी घालू’ म्हणून झालं, एका काकांनी तर भावकीतलं भांडण मिटवायचाही शब्द दिला. कावळे पिंपळावर ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मागून शलाका ओरडली. शाळेत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी शलाका!

“आत्या, मधुराजचा सिनेमा मी बघीन! तुझ्या वाटणीचा! शेवटपर्यंत!”

काका डोळे वटारतायत तोवर कावळा झपकन खाली आला. त्या दिवसापासून शलाकाचा गळा जो मोकळा झाला तो झालाच, आता ती वर्गात बाईंनाही थांबवून प्रश्न विचारते. पण शब्द दिला तो दिला. मधुराजचा प्रसंग चुकवून चालणार नाही.

आणि डोळे तर मिटतायत. गाणं लांब लांब जातं, विहिरीच्या तळाशी वाजल्यासारखं.

“पाय वर घे गं, ओल आहे,” डावीकडून नमाआत्या म्हणते.

शलाका मान वळवते. आत्याच आहे. जांभळं इरकली लुगडं, केसांवर तेलाचा हात. या थिएटरच्या खुर्च्या माणूस बसलं की खाली होतात, उठलं की खटकन मिटतात. आत्या बसलीय आणि तिची खुर्ची मिटलेलीच आहे.

“कधी आलीस तू?” शलाका विचारते.

“आले कुठली? मी मघापासनं इथंच हाय. तूच आत्ता बघितलंस.”

“मग? कसा वाटतोय?”

“शेणात गेला,” आत्या म्हणते. “त्या उघड्या पोराला सदरा तरी द्या म्हणावं कुणीतरी. खोकला होईल मेल्याला.”

शलाका खुदकन हसते. त्या हसण्यासरशी पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघतात. खांदे पडद्याकडेच आहेत, फक्त माना वळल्यात, घुबडासारख्या, पार मागेपर्यंत. कुणी रागावलेलं नाही. नुसते बघतायत. सगळ्यांच्या मांडीवर पॉपकॉर्नचे डबे. शलाकाच्याही मांडीवर एक आहे, कोमट. ती हात घालते आणि बोटांना चिकट भात लागतो. त्यात काळे तीळ.

“खाऊ नको ते,” आत्या हळूच तिचा हात बाजूला करते. “ते आमचं आहे.”

आत्याचा हात हाताला लागतच नाही. सावली अंगावरून जावी तसा जातो.

शलाका पाय खाली सोडते. तिथं फरशी नाही, दगडी पायरी आहे, शेवाळलेली. पायरी उतरली की आत्याचं स्वयंपाकघर. गॅसवर कुकर आहे, शिट्टी थरथरतेय, पण आवाज येत नाही. आत्या डब्यांमागे हात घालून काहीतरी शोधतेय.

“काय हवंय?”

“रॉकेल. रेशनला येईना झालं बघ. उरलंसुरलं पुरवून पुरवून वापरते.”

“कशाला पण?”

“कशाला म्हणजे? त्याला काठ दिसायला नको?”

ती मागचं दार ढकलते. या दाराबाहेर एरवी कपड्यांची दोरी आणि शेजाऱ्यांची स्कूटर असते. आता नदी आहे. तीच, सिनेमातली. पाणी करडं, आभाळ करडं, झाडं काळी. रंग म्हणून कुठं नाही. वाराही नाही, तरी पाणी हलतंय.

काठावर आत्या फतकल मारून बसते. तिच्या हातात कंदील आहे, वात सुईच्या टोकाएवढी.

“ये की. बस माझ्याजवळ,” ती म्हणते. “तो येईस्तोवर. एकटीला लई लांब वाटतो गं वेळ.”

शलाका बसते. किती शांत आहे इथं! गणिताचा पेपर नाही, नाच नाही, कुणी हजेरी घेत नाही. बसून राहावंसं वाटतं. मग तिची नजर स्वतःच्या कुर्त्याकडे जाते. वाढदिवसाचा तिचा लालभडक कुर्ता राखेसारखा झालाय. हात करडे होतायत, आधी नखं, मग बोटं, मग मनगट. आणि दुखत काहीच नाही.

“आत्या, मी जाते.”

“थांब की जराशी.”

“आत्या...”

“जराशीच म्हणते मी. कुठं पळून चाललाय तुझा सिनेमा?”

शलाकाला वाटतं, आवाज फुटणारच नाही. पण फुटतो. घाटावर फुटला होता तसाच.

“पळूनच चाललाय! आत्या, ऐक माझं. तो या पाण्यातून नाही येणार. तो तिकडे येणार, पडद्यावर. मी बघितलं तर तुला दिसेल, असंच ठरलंय ना आपलं? मी इथं तुझ्याशेजारी बसले, तर तिकडे बघायला कोण आहे? नुजहत? ती वेफर्स बघेल!”

आत्या पाण्याकडे बघते. मग शलाकाच्या करड्या हाताकडे बघते, बराच वेळ, निवडायला घेतलेल्या भाजीकडे बघावं तसं.

“माझं मेलीचं चुकलंच,” ती पुटपुटते. “सोबत मिळाली की माणूस हावरट होतं.”

लांबवर, पाण्याच्या पलीकडे, एक ठिपका हलतो.

“आत्या, ते बघ...”

“मी कशाला बघू? तू बघ! ऊठ! ऊठ गं झोपाळू कुठली!” आणि ती शलाकाचा दंड धरून कचकन चिमटा काढते.

“आई गं!”

“काय झालं?” नुजहत दचकून विचारते.

पडद्यावर स्पीडबोट काठाला लागतेय. दोघं जण एका म्हाताऱ्याला धरून उतरवतात. मधुराज. पाय लटपटतायत, संगीत नको तेवढं मोठं आहे, मागे ड्रोन घिरट्या घालतोय. तो त्या दोघांचे हात सोडवतो. नायिकेसमोर येतो, आणि का कोण जाणे, तिच्याकडे न बघता सरळ कॅमेऱ्यात बघतो.

“उशीर झाला,” तो म्हणतो. “जेवलीस का?”

बस, एवढंच. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारतं. शलाका पापणी हलवत नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी पुसत नाही, पुसताना तेवढं बघायचं राहील म्हणून. म्हातारा वळतो, पाठमोरा होतो, पडदा पांढरा होतो.

दिवे लागतात.

“हाच तुमचा मधुराज? पाच मिनिटंसुद्धा नव्हता!” नुजहत वेफर्सचा चुरा झटकत उठते, आणि थबकते. “अगं, हे काय? काय चावलं तुला?”

शलाकाच्या डाव्या दंडावर, लाल बाहीच्या जरा खाली, नखांच्या दोन कोरी उठल्यात, समोरासमोर. मधली कातडी काळीनिळी व्हायला लागलीय.

“माझी नखं नाहीत हां! मी तर या बाजूला होते,” नुजहत घाईनं म्हणते.

शलाका त्यावर बोट ठेवते. दाबून बघते.

दुखतं.

ती पुन्हा दाबते.