आक्काच्या हसण्यावरचे चौकोन

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. आठ मशिनं, त्यांवर आठ प्लास्टिकची कव्हरं आणि चपला दाराबाहेर, असा तो जमाना. कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती आणि गावाकडं, कळंबला, आईची तर खात्रीच होती. म्हणून एका रविवारी, क्लास बंद असताना, ती एसटीनं आली. आक्काला बघायला.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन पळसदेवला गेली आणि तीन वर्षांत काविळीनं गेली. हलतीबोलती आक्का उरली होती ती फक्त लग्नाच्या कॅसेटमध्ये, आणि कॅसेट तिच्या सासरी. दाजींनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, तेव्हापासून आईनं त्यांचं तोंड बघितलं नव्हतं. कॅसेट मात्र ती निरोप धाडून मागत राहिली. ‘देतो, देतो’ म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली. शेवटी मामांनी जाऊन जवळजवळ हिसकावूनच आणली. मी बारामतीतल्या एका स्टुडिओतून तिची सीडी करून घेतली.

त्या रविवारी क्लासमधल्या एका मशीनवर ती लावली. हळद, मांडव, अक्षता, सगळं नीट दिसलं. मग जेवणाची पंगत आली. नवरानवरीला घास भरवायला लावलं, बायकांनी ‘नाव घे, नाव घे’ म्हणून गलका केला. आक्कानं उखाणा सुरू केला, अर्ध्यात अडली आणि हसली. तिथंच पडद्याचा चुरा झाला. चेहऱ्याच्या जागी हिरवे-जांभळे चौकोन, डोळा एकीकडं, हनुवटी भलतीकडं. आवाज मात्र स्वच्छ. रिकाम्या क्लासभर आक्काचं हसणं ऐकू आलं आणि ती दिसली नाही. चौकोन गेले तेव्हा ती मान खाली घालून बसली होती.

आई उठली आणि तिनं पदरानं मॉनिटरची काच पुसली. ‘‘हसताना दिसंना की गं.’’

‘‘थांब, करते मी.’’

‘‘फोटोत समदीकडं तोंड मिटून बसलीया ती. कशी हसायची त्येच मला आठवंना झालंय. तेवढ्यासाठनं आले.’’

मग माझी हुशारी सुरू झाली. सीडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली. पडद्याचे रंग कमी-जास्त केले. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. फाईल हार्ड डिस्कवर उतरवून लावली. शेजारच्या मशीनचं कार्ड उपसून या मशीनला बसवलं, आणि शेवटी आठच्या आठ मशिनांवर सीडी फिरवली. आठही ठिकाणी आक्का त्याच घासाला, त्याच शब्दाला फुटली. आई माझ्या मागं खुर्ची ओढत फिरत होती. चौथ्या-पाचव्या वेळेला मी तिच्यावर खेकसले, ‘‘सारखं काय गं बघतीस? मी सांगते की झालं म्हंजी!’’ ती मुकाट्यानं दाराशी जाऊन बसली. ते खेकसणं मला अजून टोचतं.

शेवटच्या एसटीला बसताना ती म्हणाली, ‘‘त्यानंच केलं असंल. मुद्दाम. आमाला मिळू न्हाय म्हणून.’’ मला ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कारण मग माझ्या हुशारीला बट्टा लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मूळ कॅसेट घेऊन मी तणतणत स्टुडिओत गेले. पळसदेवला जाऊन दाजींना काय काय सुनवायचं तेही वाटेत ठरवून झालं होतं. स्टुडिओवाल्यानं कॅसेट लावली. तिथंही त्याच जागी पांढरे फराटे.

‘‘कुणीतरी मुद्दाम खराब केलीय ना?’’ मी विचारलं.

त्यानं कॅसेटचं झाकण उघडून टेप ट्यूबलाइटखाली धरली. ‘‘न्हाय मॅडम. ही झिजलीया. पॉजवर ठेवली की टेप जागेवर थांबती, पण आतलं, टेप वाचणारं हेड तिच्यावर फिरतच ऱ्हातं. सारखं एकाच ठिकाणी थांबवलं की तिथलं चित्र खरवडून जातं. आवाज टेपच्या कडंला असतो म्हणून वाचला. बाकी कॅसेट बघा की, नवीकोरी हाय. एवढीच जागा कुणीतरी बघत बसलंय.’’

त्या घरात दुसरी बायको आली होती, आणि हा माणूस आक्काचं हसणं थांबवून थांबवून बघत होता. ‘देतो, देतो’चा अर्थ मला तेव्हा लागला. मला माझीच लाज वाटली.

शनिवारी कळंबला गेले. टेप जुनी होती, एवढं सांगून सुटता आलं असतं. पण दाजींवरचा आळ तरी जाईल, आईचं मन जरा निवेल, असं वाटलं. आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

‘‘म्हंजी रोज बघत हुता?’’

‘‘व्हय.’’

मला वाटलं, आता रडेल.

‘‘मग समदं त्यानंच बघून संपवलं की गं,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यासाठनं एवढंसंबी ठिवलं न्हाय.’’

दाजींची बाजू मांडायला आलेली मी तिच्या शेजारी बसून मेथी निवडू लागले, कारण ती म्हणत होती ते खरंच होतं.