पाठीवर झोपून बघा

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पोटासाठी प्लंबर आणि हौसेखातर संशोधक. पस्तीस वर्षं लोकांच्या बेसिनखाली पाठीवर पडून काढली, मग मणक्याने राजीनामा दिला. आडवं पडून काम करणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा भावोजींनी एक युक्ती काढली. बेसिनखालच्या वाकड्या पाईपला एक छोटा खण. तो ओढला की केस, चमचा, अंगठी, जे अडकलं असेल ते बाहेर. पाईप खोलायला नको, खाली शिरायला नको. ही युक्ती त्यांनी मोबाईलवरच्या संशोधकांच्या एका ग्रुपवर टाकली. बावीस ओळी, पूर्णविराम एकही नाही.

त्या ग्रुपवर एकाहून एक विद्वान. कुणी आपोआप बूट घालणारं यंत्र काढलेलं, कुणी झोपलेल्या माणसाला पुस्तक वाचून दाखवणारी उशी. दर महिन्याला मतदान व्हायचं आणि निवडलेली कल्पना वर्कशॉपवाला एखादा सभासद बनवून द्यायचा. भावोजींना तेवढंच हवं होतं. पाठ पुरती जायच्या आत तो खण एकदा ओढून बघायचा होता. विद्वानांनी मात्र एकमुखाने कळवलं, "काही कळलं नाही. चित्र टाका."

भावोजींनी चित्र टाकलं. चौघांना ते बदक वाटलं, एकाला हेल्मेट. चूक बघणाऱ्यांचीही नव्हती. घरी रोज बेसिनपुढे उभं राहून हात धुणारा हा माणूस, पण पेन्सिल हातात आली की मनाने थेट जमिनीवर आडवा होऊन खालून दिसेल तसंच काढायचा.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. "भावोजी, तुम्ही व्हा बाजूला," मी म्हणालो.

"काढ बाबा," ताई म्हणाली. "निदान घरातली बदकाची चर्चा तरी थांबेल."

मी समोरून बेसिन काढलं. सावली दिली, नळावर चकाकी दिली, टोकाला एक थेंबही लोंबकळत ठेवला. ग्रुपवर दोनशे बारा जणांनी अंगठा वर केला. एका बाईंनी टाइल्स कुठून आणल्या ते विचारलं. खणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"खण कुठाय?" भावोजींनी विचारलं.

"तो बेसिनखाली, पाईपच्या मागच्या बाजूला आहे. समोरून दिसणार कसा?"

"मग तू काढलंस काय?"

मला राग आला. कलेची कदर नसलेल्या माणसाशी काय बोलणार, म्हणून मी चहा घेतला आणि घरी गेलो.

भावोजींनी पुन्हा तेच बदक टाकलं आणि खाली एकच ओळ लिहिली: "जमिनीवर पाठीवर झोपा, मोबाईल तोंडासमोर धरा, मग बघा." विद्वानांची हसून पुरेवाट झाली. दोन दिवसांनी कुठल्याशा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. "झोपलो. दिसलं. पण खण उजवीकडे उघडलात तर भिंतीला अडेल. डावीकडे घ्या."

भावोजींनी ते ताईला चार वेळा वाचून दाखवलं. "हा आपल्यातला आहे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

मतदानात अर्थातच उशी जिंकली. खणाला सात मतं पडली. महिन्याभराने भावोजींच्या नावाने एक पार्सल आलं. आत पितळेचा खण, डावीकडे उघडणारा, आणि बसवायचा कसा ते दाखवणारं पेन्सिलचं चित्र. तेही बदकच.

आता बसवणार कोण? भावोजींना आडवं पडायची बंदी, ताईचे गुडघे दुखरे. उरलो मी. चित्र हातात घेऊन बेसिनखाली शिरलो, पाठीवर पडलो आणि वर बघितलं. चित्रातली एकेक रेघ समोर होती. बदकाची चोच म्हणजे पाईपचं वळण होतं, आणि डोळा म्हणजे ज्यावर पाना लावायचा तो नट.

भावोजी स्टुलावर बसून होते. "दिसलं?" त्यांनी वरून विचारलं.

मी चित्रकला शिकवतो, हे सांगायचं त्या वेळी सुचलं नाही. "दिसलं," मी म्हणालो. "पाना द्या."