सगळ्यात मोठा लोड

जनरेटरकाकांचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. सारी नोकरी त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, जनरेटरच्या सोबतीनं काढली. वर ऑपरेशन चालू असताना वीज गेली की सगळा भार खाली काकांवर. डिझेल भरपूर असलं तर प्रश्न नसे. टाकी तळाला गेली की मात्र काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, हे त्यांनाच ठरवावं लागे. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की ते घर डोक्यावर घेत, आणि काकू शांतपणे दुसऱ्या खोलीतलाही दिवा लावत.

याच काकू बाथरूमच्या दारात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. ऑपरेशन झालं, हाड नीट बसलं. पण घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की मांडीचे स्नायू फार झडलेत. ते पुन्हा भरले तर काकू चालतील, नाहीतर चाकांच्या खुर्चीची सवय करून घ्यावी लागेल. पुढच्या तपासणीला त्या हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठल्या पाहिजेत. प्रथिनं द्या आणि रोज पायांचे व्यायाम करून घ्या, असंही बाई म्हणाल्या. काकांनी त्यातलं पहिलं ऐकलं. दुसरं ऐकेपर्यंत त्यांचं डोकं कामाला लागलेलं होतं.

त्यांचा हिशेब सरळ होता. दुरुस्ती चालू आहे ना, मग सगळी वीज दुरुस्तीला द्यायची आणि बाकीचे लोड, म्हणजे वीज खाणारं इतर सगळं, बंद. काकूंनी बसायचं नाही, उठायचं नाही, शिवण हातात घ्यायची नाही, शेजारणींशी फार बोलायचंही नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना काका दारातूनच गोड बोलून परत पाठवू लागले. खाण्यात अंड्याचा पांढरा भाग, दूध आणि उकडलेले मासे. भात, पाव, बटाटे बंद, कारण त्यानं नुसती चरबी वाढणार आणि दुखऱ्या पायावर वजन येणार. काकूंचा बटाट्यावर भारी जीव. त्यांनी तोंड वाकडं केलं, वाद घातला, शेवटी हात टेकून अबोला धरला. काका डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते, त्यापुढे कोण काय करणार?

आणि तरी पाय वाळतच चालला. पोटरी कुठे संपते आणि मांडी कुठे सुरू होते, हे गुडघा पाहूनच कळायचं. काकूंना दिवसभर ग्लानी असे. काका रोज पांघरूण बाजूला करून पाय बघत, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत बसत. बायको कायमची खुर्चीत बसणार या विचारानं ते पार घाबरून गेले होते.

सुट्टीला सूनबाई आली. ती कॉलेजात पेशींचं शास्त्र शिकवते. तिनं सासूचा पाय पाहिला, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात काकांनीच विषय काढला. विटा ट्रकभर टाकतोय, तरी भिंत का उठत नाही, असं त्यांनी विचारलं.

सूनबाईनं काकूंचा बटणांचा डबा ओढला आणि सुईदोरा घेऊन एकेक बटण ओवू लागली. प्रथिन म्हणजे अशीच माळ, ती म्हणाली. अंडं पोटात गेलं की त्याची बटणं सुटी होतात, आणि पेशी ती आपल्या नमुन्याप्रमाणे पुन्हा ओवते. पण ओवणं फुकट होत नाही. एक बटण जोडायला पेशीच्या इंधनाच्या साधारण चार ठिणग्या जळतात.

"चार कशाला?" काकांनी खुर्ची पुढे ओढली.

दोन ठिणग्या बटणाला जोडणीसाठी तयार करायला, तिनं सांगितलं. एक ते योग्य जागी बसवायला, चुकीचं असेल तर बाहेर टाकायला. आणि एक दोरा पुढे सरकवायला. एका माळेत शेकडो बटणं, आणि अशा माळा पेशीत अखंड चालू. वाढणाऱ्या पेशीचा सर्वांत मोठा खर्च तोच.

काकांच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यांनी डब्यातली बटणं बोटांनी चाळली आणि हळूच विचारलं, "आणि डिझेल कमी पडलं तर पेशी काय करते?"

"तुम्ही काय करायचात, बाबा?"

काका आधी हॉस्पिटलचं धुलाईघर बंद करत. ती प्रचंड यंत्रं थांबली की जनरेटरला श्वास मिळे. सगळ्यात मोठा लोड सगळ्यात आधी तोडायचा, हे त्यांना झोपेतही येत होतं.

"म्हणजे बांधकामच बंद," ते म्हणाले. "मग अंडी कुठे जातात?"

"बरीचशी जळण म्हणून जातात. भात-बटाटे नसले तर पेशी बटणंच जाळते. आणि वापरात नसलेला स्नायू एवढ्या खर्चानं कोण बांधेल? पाय हलला की बांधकामाची मागणी पेशीपर्यंत पोचते."

काकांनी कपाळाला हात लावला. इतके दिवस आपण विटा चुलीत घालत होतो, हे त्यांना लख्ख दिसलं आणि फार वाईट वाटलं. ते उठून काकूंकडे गेले आणि चूक माझी, एवढंच बोलले. काकूंनी अबोला मोडला तो बटाटे मागायला.

तेव्हापासून घरात भात शिजू लागला, व्यायामाच्या बाई सन्मानानं आत आल्या. काकांचं कुतूहल मात्र आवरेना. एक अंडं तयार करायला कोंबडीला किती ठिणग्या लागत असतील, हे त्यांनी अंडीवाल्याला गंभीरपणे विचारलं. अंडीवाल्यानं त्यांना सुट्टे पैसे देऊन वाटेला लावलं. सूनबाईला फोनवर रोज नवा प्रश्न असे. केस वाढायलाही खर्च येतो का? मग टकलामुळे माझी बचत होते का?

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी काकू खुर्चीत बसल्या, हात छातीशी घेतले आणि उठायला गेल्या. पुन्हा खाली बसल्या. दुसऱ्यांदाही तेच. काकांचा हात आपोआप पुढे गेला.

"हात मागे घ्या," काकू म्हणाल्या.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. काकू पुढे झुकल्या, मांड्या थरथरल्या, आणि सावकाश, अगदी सावकाश, त्या उभ्या राहिल्या. कपाळावर घाम होता. पण त्या उभ्या होत्या, कशालाही न धरता.

"आता तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "मी पडले तेव्हापासून तुम्ही नीट बसलेलेच नाही आहात."

काका त्याच खुर्चीत बसले, आणि बसल्याबरोबर त्यांना रडू कोसळलं.