खडूची खूण

शिंपीणबाई चर्चमधून श्रद्धेवरची, संसारावरची पुस्तकं आणायची. नवऱ्याला लागू पडेल त्या ओळीशेजारी कापड बेतायच्या खडूनं खूण करून पुस्तक त्याच्या उशाशी ठेवायची.

तो हसायचा. "अगं, सगळीकडे माझंच माप! तुझ्यासाठी एकही ओळ नाही होय?"

"माझं मी बघते. तुम्ही आधी वाचा."

तो गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी तिनं त्यातलं एक पुस्तक उघडलं. 'अबोला लांबवू नये' या ओळीशेजारी जाड खूण होती. ती थबकली. अबोला त्यानं कधी धरलाच नव्हता. धरायची ती. तो गेला त्या सकाळीही ती त्याच्याशी बोलत नव्हती.

तिनं पदरानं खूण पुसायला घेतली. मग हात थांबला. खूण तशीच ठेवून तिनं पुस्तक स्वतःच्या उशाशी ठेवलं.