सुंगटां, बांगडे, पेडवे

माइक हातात आला की सगळं जग ‘हॅलो, हॅलो’ म्हणतं. आमच्या गावची माइकवाली मावशी मासे म्हणायची. मांडवात तारा जोडून झाल्या की ती पदर खोचायची, माइक तोंडापासून वीतभर लांब धरायची आणि अगदी शांतपणे सांगायची, “सुंगटां. सौंदाळे. बांगडे. पेडवे. मोरी.” लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर सत्यनारायणाची पूजा. एकदा भटजींनी “मावशी, आज तरी केळी, नारळ म्हणा,” असं सुचवून पाहिलं. ती म्हणाली, “केळ्यांनी माका आवाज कळणा नाय.” भटजी पोथी उघडून बसले.

आमचं गाव कुणकेश्वरच्या अलीकडचं, समुद्राला लागून. मावशीचा नवरा माइकचा धंदा करायचा आणि ती किनाऱ्यावर टोपली घेऊन मासे विकायची. नवरा गेला तेव्हा घरात दोन भोंगे, एक लाकडी बॉक्स आणि काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुनापुराणा ॲम्प्लिफायर राहिला. ती हे सगळं विकून टाकील असं लोकांना वाटलं. तिनं टोपली जावेला दिली आणि स्वतः मांडवांना तारा बांधत फिरायला लागली. मासे मात्र तोंडातून गेले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “हॅलोन काय कळतला? हॅलो मी जन्मात कोणाक म्हटलेला नाय. ही नावां मी बारा वर्सां वाऱ्यात आरडलंय. खंयचा अक्षर कसा वाजाक होया, ता माका म्हायत आसा.”

आणि खरंच होतं ते. सुंगटां म्हणजे कोळंबी. त्यातला ‘स’ चरचरला की ती ट्रेबल कमी करायची. बांगड्यातला ‘ब’ घुमला की बेस उतरायचा. पेडव्यातला ‘प’ फट्‌ करून वाजला की माइक आणखी वीतभर लांब. मोरी म्हणताना मागे घूं ऐकू आलं की कुठल्यातरी तारेचं अर्थिंग सुटलेलं असायचं आणि ती सरळ त्याच तारेकडे चालत जायची. पाच मासे झाले की मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही मंगलाष्टक स्पष्ट ऐकू जायचं.

मी शाळामास्तरांचा मुलगा. इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो आणि गावात आपल्याला कुणी समजून घेत नाही, अशा तोऱ्यात असायचो. मला एक सूर हवा होता. जाड, पण कडेनं जरासा फाटलेला. हळू छेडला तर बोलणारा, जोरात छेडला तर ओरडणारा. त्यासाठी मी शंभर आवाजांचा प्रोसेसर आणला, पायानं दाबायची पेडलं जोडली, तारा बदलल्या, रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे सगळं मांडून मी वाजवलं. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर मावशीला विचारलं, “कसा वाटला, मावशे?”

“बरा वाजवलंस. पण आवाज बर्फातलो आसा, झिला.”

मला राग आला. बर्फात ठेवलेला मासा चकचकीत दिसतो, पण त्याची चव गेलेली असते, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरी जाऊन मी पुन्हा प्रोसेसर लावला, तासभर बटणं फिरवली. मग ती म्हणत होती तेच मलाही ऐकू यायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार घेऊन मी तिच्या पडवीत हजर.

तिनं माझी सगळी पेडलं बाजूला सारली. मांडवासाठी नवा घेतल्यापासून पडून असलेला नवऱ्याचा तो जुना ॲम्प्लिफायर पुसला, गिटारची वायर थेट त्याच्या माइकच्या भोकात घातली आणि मी तारेला हात लावणार तोच म्हणाली, “आधी तापूक दी त्येका.” काचेतले दिवे हळूहळू लाल झाले. लाकडी बॉक्सच्या स्पीकरचा कागद एका बाजूला फाटला होता, त्यावर तिनंच कधीतरी खळ लावून वर्तमानपत्राची पट्टी डकवली होती. मी तार छेडली. सूर जाड आला, जवळजवळ हवा तसा, पण नुसताच घुमत राहिला.

“आता गिटारीत बांगडो म्हण.”

मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. “तुका गळ्यात म्हणूक येता मां? मग हातात कित्याक येणा नाय?” असं म्हणून पायरीवर बसून राहिली. पूर्ण आठवडा मी त्या पडवीत गिटारकडून मासे वदवून घेत होतो. ‘बां’ला तार कुठे आणि किती जोरात छेडायची, ‘ग’ला बोट कसं दाबायचं, ‘डो’ला कसं सोडायचं. गिटारवरचं बटण ती मला दाण्यादाण्यानं फिरवायला लावायची. आठव्या दिवशी तार बोलली. मावशीनं मान हलवली आणि म्हणाली, “ह्यो ताजो.”

बँडसाठी पुण्याला निघालो तेव्हा तिनं तो ॲम्प्लिफायर आणि बॉक्स, दोन्ही माझ्यासोबत दिले. “घेवन जा. हंय खाऱ्या वाऱ्यात गंजान जातलो. थंय तरी वाजात.” नवऱ्याची वस्तू होती ती. मी नको म्हणायलाही विसरलो.

पुढचं लिहिताना हात जड होतो, पण लिहिलंच पाहिजे.

पुण्यात आमच्या बँडचं नाव झालं ते त्या सुरामुळे. लोक विचारायचे, हा आवाज काढतोस कसा. एका मोठ्या कार्यक्रमात गाणं संपल्यावर निवेदकानंही हेच विचारलं. मी म्हणालो, “गावाला भंगारात एक जुना डबा सापडला. त्याच्यावर मी प्रयोग केले.” भंगारात. सापडला. मी प्रयोग केले. एवढ्याशा उत्तरात तीन खोट्या गोष्टी. तरी तिथेच थांबलो असतो तर निदान हे पान लिहावं लागलं नसतं. लोक हसतायत म्हटल्यावर मला चेव आला. गिटारचा पट्टा पदरासारखा खांद्यावर ओढून, कमरेवर हात ठेवून, तिचा आवाज काढून मी माइकमध्ये म्हणालो, “सुंगटांऽऽ. बांगडेऽऽ.” ती कधीच असं हेल काढून म्हणत नसे. पण हेल काढल्यावर सभागृह लोटपोट झालं, म्हणून मी ते पुन्हा केलं.

तो तुकडा कुणीतरी मोबाइलवर पसरवला. मला त्याचाही आनंदच झाला होता. चारच दिवसांत आईचा फोन आला.

“तू केलंस ता मी बघलंय. मावशेन पण बघल्यान.”

“काय म्हणाली?”

“काय नाय. मोबाइल परत दिल्यान नी तारा गुंडाळूक लागली.”

बाकीचं आईनं पुढच्या काही महिन्यांत फोनवर तुटक तुटक सांगितलं. एका लग्नात मावशीनं माइक हातात घेतला आणि मागून वऱ्हाडातले लोक हेल काढून ओरडले, “सुंगटांऽऽ.” सगळा मांडव हसला. तिनं माइक खाली ठेवला. त्यानंतर ती ‘हॅलो, वन, टू, थ्री’ म्हणायला लागली. आवाज चिरकायचा, शिट्टी मारायचा आणि नेमकं काय बिघडलंय ते तिला कळायचं नाही. हळूहळू लोक लग्नाला कसालहून साउंडवाला आणायला लागले.  माफी मागायला पहिल्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी गाडीत बसायला हवं होतं. मी दोन वर्षं गावाला गेलो नाही. शो आहेत, असं सांगत राहिलो.

यंदा सव्वीस जानेवारीला गेलो. ॲम्प्लिफायर आणि बॉक्स तिला परत द्यायला सोबत नेले होते. शाळेचं झेंडावंदन तेवढं अजून मावशीकडे आहे. मैदानातल्या आंब्याला तिनं भोंगा बांधला होता आणि ती म्हणत होती, “हॅलो. हॅलो. वन, टू, थ्री.” परक्याच्या घरात बोलावं तसा तिचा आवाज येत होता. भोंग्यानं शिट्टी मारली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मावशी, चिरकतोय जरा.” मावशीनं एक बटण फिरवलं, मग दुसरं, मग पहिलं परत.

मी समोर जाऊन उभा राहिलो. “कधी इलंस?” तिनं विचारलं. “च्याय घेतलंस?”

“मावशे, मी चुकलंय.”

ती तार सोडवत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “तुझा टेस्टिंग कर मां, मावशे. पयल्यासारखा.”

“ता आता तुझा झाला रे,” ती म्हणाली. कडवटपणानं नाही, एखादी वस्तू देऊन टाकल्यावर सांगावं तसं. “मी बोलूक गेलंय की लोकांच्या तोंडाकडे बघतंय, हसतत की काय. मगे माका आवाजच आयकाक येणा नाय.” तिनं माइक माझ्या हातात दिला. “तू म्हण. मी बटणां फिरवतंय.”

समोर मुलं रांगेत उभी होती. मागे पालक, सरपंच, आमचे निवृत्त मास्तर बाबा आणि त्यांच्या शेजारी आई. पुण्यात हजार लोकांसमोर मी हेच शब्द कंबर हलवत म्हटले होते. इथे नुसते सरळ म्हणायचे होते, तिच्यासाठी, तिला ऐकू यावेत म्हणून. मी माइक वीतभर लांब धरला. ‘सुंगटां’तला ‘स’ जिभेवर आलाही होता. तेवढ्यात पालकांमधून कुणीतरी फिसकन हसलं.

माझ्या तोंडून “हॅलो” बाहेर पडलं.

मावशीनं माझ्या हातातून माइक काढून घेतला. “माझा पण असाच व्हता बघ,” ती म्हणाली आणि माइक नेऊन झेंड्याच्या काठीपाशी उभा केला.