आराध्ये बाईंनी घेतलेली नावं

सोलापुरात कुठलाही सरकारी कार्यक्रम असला की माईकवर विजयमाला आराध्ये असायच्या. जुळे सोलापुरातल्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या, पण शाळेबाहेर लोक त्यांना ओळखायचे ते आवाजावरून. भरदार, ठाशीव, अजिबात घाई नसलेला आवाज. मंत्र्यांना कितीही उशीर झाला तरी सभागृहाला जागेवर बसवून ठेवणारा. साक्षरतेच्या मोहिमेपासून त्यांचं हे काम सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. मानधन म्हणजे शाल आणि नारळ. शाली इतक्या साठल्या होत्या, की त्यांच्याकडं भांड्याला येणाऱ्या बाईंच्या सगळ्या लेकींच्या सासरी त्या जाऊन पोचल्या होत्या.

पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांना या सगळ्याचा शीण यायला लागला. आवाज थकला नव्हता, बाई थकल्या होत्या. 'कटिबद्ध', 'गतिमान', 'लोकाभिमुख' हे शब्द जिभेवरून आपोआप घरंगळत यायचे आणि घरी आल्यावर आपण नक्की काय बोललो ते त्यांना आठवायचं नाही. नवरा अमृतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "परवा झोपेत तू प्रमुख पाहुण्यांचं स्वागत करत होतीस."

"मग पाहुणे आले का?"

"कसले येतात. उशीरच होता त्यांना."

पुढच्या वेळी नाही म्हणायचं, असं बाई दर वेळी ठरवायच्या. पण फोन गुरूचा असायचा. गुरु बिराजदार त्यांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना त्याला वक्तृत्व स्पर्धेला त्यांनीच उभं केलं होतं. आता तो उद्योगांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात अधिकारी होता. "बाई, तुमच्याशिवाय कार्यक्रमाला कार्यक्रमपण येत नाही," एवढं तो म्हणाला की त्या कपाटातून इस्त्रीची साडी काढायच्या.

गेल्या वर्षी उन्हाच्या तोंडाशी असाच एक कार्यक्रम झाला. खुल्या कारभाराची घोषणा होती. उद्योगांना जमीन आणि पाणी देण्याविषयी ज्या काही बैठका होतील त्या यापुढं लोकांसमोर होतील, ज्याला यायचं असेल त्यानं यावं, असं मंत्र्यांनी जाहीर केलं. भाषण लांबलं, लोक चुळबुळायला लागले. शेवटी समारोप करताना बाई आपल्या मनानंच बोलून गेल्या, "म्हणजे यापुढं बंद दाराआड काही ठरणार नाही. दार उघडं आहे. या, बसा, विचारा."

टाळ्या पडल्या त्या या वाक्याला. संध्याकाळी गुरूचा फोन आला. "बाई, साहेबांना तुमचं वाक्य फार आवडलं. फलकावर घेतोय."

आणि खरंच घेतलं. मोहोळच्या एसटी स्टँडवर, टेंभुर्णीच्या चौकात मंत्र्यांच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य झळकलं. कार्यक्रमाची चित्रफीत गावोगाव फोनवर फिरली. पुण्याला लेकीकडं जाताना बाईंनी मोहोळचा फलक अमृतरावांना बोटानं दाखवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण काहीतरी खरं बोललो असं त्यांना वाटलं होतं.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी दोन माणसं शाळेत त्यांना भेटायला आली. म्हातारे कोंडीबा आणि त्यांच्या भावकीतल्या बजाबाई. होटगीच्या पुढं येळेवाडी नावाचं गाव आहे, तिथले. शिक्षकांच्या खोलीत दोघं खुर्चीच्या अगदी कडेला टेकून बसली.

"फोनवर आवाज ऐकला तुमचा," कोंडीबा म्हणाले. "शाळेतली एक पोरगी आमच्या पावण्याची हाय. ती म्हनली, ह्या तर आमच्या बाई."

"काय काम काढलं?"

"गावचं तळं हाय आमचं. त्येच्या काठाला कंपनी यायलीय. पानी तळ्यातनंच उचलणार म्हनत्यात. आता तळंच उचलल्यावर आमच्या हिरींना काय ऱ्हायचं? म्हनून सरकारी हापिसात इचारायला गेलो, बैठक कवा हाय. पयल्या डावाला म्हनले, बैठक झाली. दुसऱ्या डावाला म्हनले, बैठक नव्हतीच, नुस्ता चहा व्हता."

बजाबाई मधेच म्हणाल्या, "आन् तुमी तर म्हनला व्हता, या, बसा, इचारा."

बाईंना उगाच हसू आल्यासारखं झालं आणि लगेच चेहरा उतरला. "अहो, मी नुसती माईकवर बोलते. ठरवणारी माणसं वेगळी."

"ती वेगळी हायती, ठावं हाय की," कोंडीबा शांतपणे म्हणाले. "पर ती कुटं आमच्याशी बोलल्यात? आमच्याशी बोलला ते तुमीच."

त्यांनी तिथूनच गुरूला फोन लावला. गुरु म्हणाला, "बाई, बरं झालं तुम्हीच फोन केलात. येळेवाडीच्याच विषयावर येत्या गुरुवारी विश्रामगृहात लोकसंवाद आहे. साहेब स्वतः येताहेत. सूत्रसंचालन तुमचंच. गावकऱ्यांना खुशाल येऊ दे." बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

गुरुवारी बाई नेहमीसारख्या लवकर पोचल्या. येळेवाडीची माणसं त्यांच्याही आधी आली होती. आवारातल्या कडुनिंबाखाली फडकी सोडून भाकरी-चटणी खात बसली होती. सभागृहाला कुलूप होतं. शिपायानं बाईंना मागच्या व्हरांड्यातून आत नेलं. "मॅडम, तुमी हितं गारव्याला बसा. आत चालू हाय."

समोर बैठकीच्या खोलीचं दार बंद होतं. चहा घेऊन शिपाई आत शिरला तेव्हा ते क्षणभर उघडलं. मंत्री सोफ्यावर बसले होते. त्यांच्या शेजारी कंपनीचे मालक आणि त्यांचा मुलगा, पलीकडं दोन बडे कारखानदार. या सगळ्यांचं बाईंनी अनेकदा मंचावर स्वागत केलं होतं, सगळ्यांची नावं हुद्द्यांसह त्यांच्या तोंडात बसलेली होती. मधल्या टेबलावर तळ्याचा नकाशा पसरला होता आणि त्याच्यावर काजूकतलीची बशी ठेवलेली होती. दार पुन्हा लागलं.

बऱ्याच वेळानं गुरु बाहेर आला. डोळे ओढलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. "बाई, सुरुवात नेहमीसारखी करा. लोकांचे चार-पाच प्रश्न घेऊ. शेवटी एवढं म्हणा, की तलावाच्या पाण्याच्या निर्णयाला ग्रामस्थांनी उत्स्फूर्त पाठिंबा दिला."

बाई म्हणाल्या, "गुरु, लोक अजून झाडाखाली जेवताहेत. त्यांनी पाठिंबा दिला कधी?"

"तसं नाही, बाई. बातमी दुपारीच द्यावी लागते."

"आत जे चाललंय ते काय आहे?"

"ती अनौपचारिक चर्चा. बैठक बाहेर होईल, सगळ्यांसमोर, नियमाप्रमाणं."

"आणि निर्णय कुठं झाला?"

गुरु खाली बघत चपलेच्या टोकानं फरशी घासत राहिला. पाठांतर विसरला की लहानपणीही तो असाच उभा राहायचा. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं. तुम्ही नका विचारू."

"आतली मंडळी मंचावर येतील ना?"

"नाही. ते मागच्या गेटनं जातील."

एवढं बोलून तो गेला. बाई व्हरांड्यात बसून राहिल्या. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. राग यायला अंगात बळ लागतं. उठून घरी जावं, घसा धरला म्हणून सांगावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग सभागृह उघडल्याचा आवाज झाला. खिडकीतून बजाबाई पदरानं तोंड पुसत आत शिरताना दिसल्या आणि बाईही उठल्या.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं. बाईंनी मंत्र्यांचं स्वागत केलं, अधिकाऱ्यांचं केलं, येळेवाडीच्या गावकऱ्यांचं केलं. आता मंत्र्यांना बोलायला बोलवायचं होतं. बाई थोड्या थांबल्या. नंतर अमृतरावांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, की तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं, नेहमीच्या सवयीनं पुढचं स्वागत तोंडातून निघालं.

"येळेवाडीच्या तळ्याच्या पाण्याविषयी," त्या त्याच ठाशीव आवाजात म्हणाल्या, "सकाळपासून आतल्या खोलीत साहेबांशी चर्चा केलेल्या मान्यवरांचंही आपण स्वागत करू या." आणि त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, आडनाव, हुद्दा, कंपनी, सगळ्यासकट. "ते आता निघण्याच्या तयारीत आहेत. थांबले, तर गावकऱ्यांना त्यांच्याशीही बोलता येईल."

मग खुर्च्या वाजल्या, कारण लोक खिडक्यांकडं वळून बघायला लागले होते. मागच्या बाजूला कंपनीचे मालक गाडीत बसायच्या बेतात होते. आपलं नाव कर्ण्यावर ऐकून ते एक पाय गाडीत, एक बाहेर, असे तसेच थांबले.

मंत्री मुरलेले होते. हसून म्हणाले, "अहो, जुने स्नेही आहेत. चहाला आले होते."

कोंडीबा उठून उभे राहिले. "मंग आमचाबी चहा तितंच ठेवायचा की, सायेब. आमी सकाळधरनं झाडाखाली हाव."

लोक हसले. हसू विरल्यावर मात्र प्रश्न सुरू झाले आणि ते आवरेनात. शेवटी मंत्र्यांनी पुढच्या कार्यक्रमाचं कारण सांगून लोकसंवाद आटोपता घेतला. हा विषय पुन्हा ऐकून घेऊ, असं आश्वासन दिलं. बाईंनी आभार मानले. उत्स्फूर्त पाठिंब्याचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, आणि कुणी आठवणही करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात आतल्या पानावर बातमी आली. त्यानंतर बाईंना फोन येईनासे झाले. शाळेच्या संस्थेतले एक जण भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, आपल्याला वर्गखोल्यांची परवानगी काढायची आहे, जरा जपून." त्यांचा सूर रागाचा नव्हता. प्रजासत्ताकदिनाला माईकवर नवी मुलगी होती, रेडिओवरची, चटपटीत. बाईंनी ती घरी टीव्हीवर पाहिली. चांगली बोलली, असं अमृतरावांना म्हणाल्या.

मधे एकदा गुरु घरी येऊन गेला. बाईंनी चहा केला.

"साहेबांनी मला विचारलं, बाईंना नावं कुणी दिली," तो म्हणाला.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, बाईंना सगळी पाठच आहेत." तो थोडा हसला. "खरंच आहे की, बाई."

"तुला त्रास झाला ना माझ्यामुळं?"

"होणारच होता कुणामुळं तरी." त्यानं कप खाली ठेवला. "तळ्याची सुनावणी परत लागलीय. गावातच. नीट होईल या वेळी. कॅमेरा, थेट प्रक्षेपण, सगळं आहे." नीट होईल हे तो पाठ केल्यासारखं म्हणाला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कोंडीबांचा फोन आला. "माईकवर नगं. आमच्यापाशी बसायला या." बाई शाळेतून रजा काढून गेल्या. एसटीतून उतरल्यावर कोंडीबा त्यांना तळ्याच्या कडेकडेनं घेऊन गेले. पाणी खाली गेलं होतं. काठानं थेट कंपनीच्या जागेपर्यंत लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकलेल्या होत्या.

"ह्या कशाच्या?"

"पायपाच्या. मागल्या आटवड्यात ठोकल्या." कोंडीबांनी एका खुंटीला पाय लावून पाहिला. पक्की होती.

मंडप शाळेच्या पटांगणात होता. या वेळी खरंच सगळं उघड्यावर चाललं. ज्यानं हात वर केला त्याला बोलू दिलं, कुणाला अडवलं नाही. विहिरींचं काय, जनावरांचं काय, पाऊस कमी झाला तर आधी कुणाचं पाणी तोडणार, लोकांनी सगळं विचारलं. मंचावरचे अधिकारी प्रत्येकाला आदरानं म्हणत होते, "आपल्या म्हणण्याची नोंद घेतली आहे." अधिकारी आणि बाई सोडल्या तर गावाबाहेरचं कुणीही आलेलं नव्हतं. कंपनीचंही नाही.

शेवटी बाईंनी हात वर केला. त्यांना माईक दिला गेला. कितीतरी दिवसांनी तो हातात आला होता आणि उगाच जड वाटला.

"तळ्याच्या काठानं खुंट्या ठोकल्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्या कुठल्या बैठकीत ठरल्या, ती बैठक कधी झाली, एवढंच सांगा."

अधिकारी तरुण होता. त्यानं शेजारच्याकडं पाहिलं, शेजारच्यानं पुढ्यातल्या कागदांकडं. "आपल्या प्रश्नाचीही नोंद घेतली आहे, मॅडम," तो म्हणाला आणि बाईंना ओशाळवाणा नमस्कार केला.

उन्हं कलली तेव्हा सुनावणी संपली. बाई, कोंडीबा आणि बजाबाई एसटीच्या थांब्याकडं चालत निघाली. मग बजाबाईंनी विचारलं, "म्हंजी शेवटाला ते व्हय म्हनले का न्हाय म्हनले?"

"काहीच म्हणाले नाहीत."

"मंग येवढा येळ काय बोलत व्हते?"

बाईंना हे सांगता आलं असतं. तशा बोलण्यातच त्यांची सगळी वर्षं गेली होती. पण आता त्यांच्यात तेवढं समजावण्याचं त्राण नव्हतं. तिघं रस्त्याच्या मोरीवर टेकली आणि बाई चपलेत गेलेला खडा काढत बसल्या. कोंडीबांनी सांगितलं, "आता वकील गाठायचा म्हनत्यात पोरं, तारीख सोलापूरला लागंल. तुमी याल का?"

"येईन," बाई म्हणाल्या. "काही होईल असं मात्र मी सांगणार नाही."

"नगा सांगू," कोंडीबा म्हणाले. "त्ये लई जनांनी सांगून झालंय."

होटगीकडं जाणारी एसटी येताना दिसली. बजाबाईंनी हात केला, आणि तिघं उठली.